वाट्या, उकड आणि मोज्यांची जोडी: एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरातल्याच वस्तूंचे खेळ

दुपारी चारच्या सुमारास माझा धाकटा झोपून उठतो आणि डोळे चोळत थेट स्वयंपाकघरात येतो. ओट्याखालचं कपाट उघडतो, पोह्यांचा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी ओढून काढतो आणि झाकण काढायच्या खटपटीला लागतो. खेळण्यांची टोपली बाहेरच्या खोलीत असते. तिच्यात बटण दाबलं की गाणारी गाडी आहे, रंगीत ठोकळे आहेत. तिकडे तो ढुंकून बघत नाही. झाकण निघालं की आत ओगराळं टाकतो, झाकण लावतो, पुन्हा काढतो. दोन वर्षं तीन महिन्यांचा आहे तो. एवढा एकच उद्योग एकदा त्याने सोळा वेळा केला, मी पोळ्या लाटता लाटता मोजत होते.

मी सहा वर्षं बालवाडीत शिकवलं आणि घरी दोन मुलं वाढवली. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. या वयाच्या मुलाला आपल्या हातात जे दिसतं तेच हवं असतं. खोटी किल्ली दिली तर ते ती फेकतं आणि खऱ्या किल्लीसाठी रडतं. त्यामुळे घरच्या घरी शिकण्याचे खेळ म्हणजे आईने रात्री जागून पुठ्ठे कापायचे, असं मुळीच नाही. आपलं काम वस्तू निवडायचं, ती नीट मांडायचं आणि मग शेजारी गप्प बसायचं. यात गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण भागातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, शंखशिंपले, पानं, माती अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंची साधनं बनवली. मुलं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यातूनच 'अंगणवाडी' हा शब्द रुळला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढलं. मी खाली सांगते त्यातलं बरंचसं याच वाटेने आलेलं आहे, फक्त अंगणाच्या जागी फ्लॅटमधला ओटा आणि गॅलरी आहे.

आधी जागा आणि मांडणी

वेगळी खोली लागत नाही. एक सतरंजी आणि एक मोठं ताट किंवा परात एवढंच हवं. सतरंजी अंथरली की खेळ सुरू आणि घडी केली की खेळ संपला, हे मुलाला आठवड्याभरात समजतं. परातीचा काठ फार उपयोगी पडतो. रवा सांडला, पाणी सांडलं, तरी ते काठाच्या आत राहतं आणि आपला आवाज चढत नाही. मुलाला पसाऱ्याची भीती नसते. ती आपल्याला असते, आणि बहुतेक खेळ तिच्यापायीच थांबतात. म्हणून आधी आपली सोय बघा.

एका वेळी एकच खेळ मांडा. चार वस्तू समोर आल्या की मूल चारही उलटंपालटं करून उठून जातं. मी तीन टोपल्या ठेवते: भाजीची एक जुनी प्लास्टिकची जाळी, एक वेताची परडी आणि एक बुटांचं खोकं. तिन्हींत तीन खेळ. एकीतला खेळ दर आठवड्याला बदलते, बाकीच्या दोन तशाच राहतात, कारण ओळखीच्या खेळाकडे परत जाणं मुलांना फार आवडतं.

वेळ निवडताना मूल पोटभर जेवलेलं आणि झोप झालेलं असावं. पाच मिनिटं रमलं तरी पुष्कळ. कधी वीस मिनिटं रमतं, तेव्हा हाक मारू नका, फोटो काढायला उठू नका.

कोणत्या वस्तू नकोत

हा भाग घाईने वाचू नका. घरगुती खेळांच्या ज्या याद्या फिरतात त्यांत राजमा, छोले, शेंगदाणे, मणी, बटणं निवडायला दिलेली असतात. एक ते तीन वर्षांच्या मुलाला हे देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. या वयात वस्तू तोंडात जाते, नाकात जाते, कानात जाते. शेंगदाणा, चणा, चिंचोका, सीताफळाची किंवा चिकूची बी श्वासनलिकेत अडकली तर जिवावर बेततं. नाकात गेलेला चणा ओल लागून फुगतो आणि काढणं आणखी कठीण होतं.

मापाची एक सोपी युक्ती आहे. टिश्यू पेपरची गुंडाळी संपल्यावर आतली पुठ्ठ्याची नळी उरते, ती साधारण ४ सेंटिमीटर रुंद असते. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. पाण्याच्या बाटलीचं झाकण या परीक्षेत नापास होतं, जॅमच्या किंवा लोणच्याच्या बरणीचं रुंद झाकण पास होतं.

रिमोटमधली, घड्याळातली बटणासारखी चपटी बॅटरी आणि छोटी लोहचुंबकं मुलाच्या आसपासही नकोत. तशी बॅटरी गिळली तर अन्ननलिकेला दोन तासांच्या आतसुद्धा गंभीर इजा होऊ शकते. नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा. फुगा फुटला की त्याचे तुकडे लगेच गोळा करा, ते घशात चिकटतात.

गावाकडे, आजोळी गेलात तर आणखी एक सांगते. आपण लहानपणी लाल-काळ्या गुंजांनी खेळलो, बिट्टीच्या बियांनी खेळलो. गुंजेची बी चावली गेली तर ती अतिशय विषारी असते. पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी, एरंड आणि चंद्रज्योत यांच्या बियाही विषारी. आपण वाचलो म्हणून मुलांना द्यायच्या, असं करू नका.

पाण्याच्या खेळात मुलापासून हातभर अंतरावर बसायचं, मधे दार वाजलं तर मुलाला कडेवर घेऊन जायचं. बादलीत चार बोटं पाणी असलं तरी डोक्याने जड असलेलं मूल वाकून त्यात पडू शकतं आणि त्याला स्वतःला उठता येत नाही. खेळ संपला की परात आणि बादली लगेच रिकामी करून पालथी घाला.

एक ते दीड वर्ष: भरायचं आणि ओतायचं

या वयातलं मूल दिवसभर दोनच गोष्टी करतं: आत टाकतं आणि बाहेर काढतं. आपल्याला तो पसारा वाटतो. त्याच्या दृष्टीने तो मोठा शोध असतो, की वस्तू आत गेली, दिसेनाशी झाली, तरी ती आहे.

पहिल्या खेळासाठी एक रुंद तोंडाचं पातेलं आणि चार-पाच वस्तू घ्या: गुंडाळलेले मोजे, लाकडी पळी, स्टीलची छोटी वाटी, एक मोठं लिंबू, धुतलेला बटाटा. प्रत्येक वस्तूचं वजन वेगळं, आवाज वेगळा, स्पर्श वेगळा. मोजा टाकला की आवाज येत नाही, वाटी टाकली की खणकन येतो. मूल दचकतं, तुमच्याकडे बघतं, पुन्हा टाकतं. तुम्ही नुसतं हसा.

हे जमू लागलं की फटीचा डबा करा. आइस्क्रीमचा रिकामा डबा धुऊन घ्या. झाकणाच्या मधोमध साधारण ८ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद फट कापा. कडा बोचत असतील तर त्यावर चिकटपट्टी लावा. बरण्यांची सहा-सात रुंद झाकणं जमवून ठेवा. सतरंजीवर बसून एक झाकण फटीतून सावकाश आत सोडा, तोंडाने काही न बोलता. आपण बोलत बोलत दाखवलं की मूल आपल्या तोंडाकडे बघतं आणि हाताकडे त्याचं लक्ष राहत नाही. ही गोष्ट मला बालवाडीत दुसऱ्या वर्षी समजली आणि त्यानंतर माझं शिकवणंच बदललं.

पहिला आठवडा फट मुलासमोर आडवी ठेवा. सराव झाला की डबा फिरवून फट उभी करा. आता मुलाला मनगट वळवावं लागतं. पहिल्या दिवशी माझ्या मुलाने झाकण आडवंच दाबलं, मग डब्याला थापट मारली, मग माझा हात धरून फटीवर ठेवला. मी हात तसाच सैल ठेवला, काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने झाकण उभं धरलं आणि ते आत पडल्याचा आवाज आला तेव्हा श्वास रोखून त्या फटीत बघत बसला.

याच वयात एकात एक बसणाऱ्या डब्यांचा संच द्यावा. आपल्याकडे लग्नात मिळालेला एखादा असतोच. आधी फक्त सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान द्या, मधले नंतर एकेक वाढवा. पूर्ण संच एकदम दिला की मूल वैतागतं.

एखादं मूल सगळं फेकतंच. त्याला ओरडून उपयोग नाही, फेकणं ही त्या वेळची त्याची गरज असते. वाट्या उचला आणि मोज्यांचे गोळे व बादली द्या: "हे फेकायचं." चार पावलांवर बादली ठेवा.

उकड: सगळ्यात आवडीचा खेळ

बाजारच्या रंगीत मातीला पर्याय म्हणून मैद्यात भरपूर मीठ घालून गोळा करायची कृती सगळीकडे सांगितली जाते. तो गोळा महिनाभर टिकतो हे खरं. पण एवढं मीठ लहान मुलाच्या पोटात जाणं धोक्याचं आहे, आणि दीड वर्षाचं मूल गोळा चाटणारच. कच्ची कणीकही पोटात जायला चांगली नाही. आपल्या स्वयंपाकघरात याचं उत्तर आधीपासून आहे: मोदकाची उकड. शिजलेली असते, मऊ असते, थोडी तोंडात गेली तरी चिंता नाही.

एक वाटी पाणी उकळत ठेवा, त्यात अर्धा चमचा तेल घाला. मीठ नको. उकळी फुटली की गॅस बारीक करून एक वाटी तांदळाची पिठी घाला, उलथन्याच्या दांड्याने भराभर ढवळा, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ काढा आणि गॅस बंद करा. पाच मिनिटांनी परातीत काढून तेला-पाण्याचा हात लावत मळा. चिरा पडत असतील तर पाण्याचा एक हबका आणखी. रंग हवा असेल तर पाण्यातच चिमूटभर हळद घाला, किंवा निम्म्या पाण्याऐवजी बिटाचा रस घ्या. पालकाचा रसही चालतो. कुंकू, गुलाल, होळीचे रंग यात घालू नका, त्यांत काय मिसळलेलं असतं ते आपल्याला ठाऊक नसतं.

पूर्ण निवल्यावरच द्यायची. वरून गार लागते आणि आत गरम असते, म्हणून गोळा मोडून आतला भाग स्वतःच्या मनगटाला लावून बघा. ओल्या फडक्याखाली दोन-तीन तास मऊ राहते. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नका.

पहिल्या दिवशी मुलाला फक्त गोळा द्या. हत्ती करून दाखवू नका. आपण हत्ती केला की मूल "हत्ती कर" म्हणत बसतं आणि त्याचे हात थांबतात. मूल आधी बोटाने टोचून बघेल, काही मुलं हात मागे घेतील. चिकट लागतं म्हणून रडणारंही एखादं असतं. त्याला जबरदस्ती नको, गोळा तुम्ही मळत राहा, ते आपणहून येईल.

दोन-तीन वेळा खेळून झालं की एकेक साधन वाढवा. लहान पोळपाट-लाटणं, मग वाटी पालथी घालून गोल कापणं, मग झाऱ्याचे ठिपके उमटवणं. अडीच वर्षांनंतर शेवेची चकती लावलेला सोऱ्या तुम्ही धरा आणि मुलाला फिरवू द्या. सोऱ्यातून उकडीच्या तारा बाहेर पडताना बघण्यासारखं मुलांसाठी दुसरं काही नाही.

हातांकडे नीट बघा. दीड वर्षाचं मूल सगळा तळवा वापरून थापटतं. दोन वर्षांचं तळव्याच्या टाचेने रेटतं. अडीच-तीनच्या आसपास अंगठा आणि दोन बोटं वेगळी काम करू लागतात, ते चिमट्या काढतं. मोदकाला कळ्या पाडताना आपण जे करतो तेच. पुढे पेन्सिल धरायला हीच तीन बोटं लागतात. म्हणून तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन अ-आ गिरवून घ्यायची घाई मला चुकीची वाटते. आधी ही बोटं उकडीत मजबूत होऊ द्या.

आमच्याकडे सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नाही. अन्नाशी खेळू नये, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला मान्य आहे. म्हणून आम्ही दोघींनी मिळून नियम केला: खेळून झालेली उकड फेकायची नाही, खाली गाईला द्यायची, आणि नातू स्वतः द्यायला जाईल. आता उकड काढायची आठवण त्याच करतात.

दीड ते अडीच: ओतणं, जुळवणं, उचलणं

ओतण्याचा खेळ कोरड्यापासून सुरू करा. ताटात स्टीलचे दोन सारखे छोटे पेले ठेवा, एकात तिसरा हिस्सा जाड रवा. एका पेल्यातून दुसऱ्यात सावकाश ओतून दाखवा, मग पेला मुलापुढे ठेवून हात मांडीवर घ्या. त्याचा हात धरून ओतू नका. सांडला तर ताटातच सांडतो, तो चिमटीने उचलायलाही मुलाला मजा येते. रवा मी एका वेगळ्या बरणीत ठेवते आणि तोच तीन-चार महिने वापरते, दर वेळी नवा घेत नाही.

आठवड्याने रव्याऐवजी पाणी. मग चोच असलेलं दुधाचं छोटं भांडं. मग चहाची गाळणी, स्पंज. स्पंज एका वाटीत बुडवून दुसऱ्या वाटीत पिळणं दोन वर्षांच्या मुलाला फार भावतं. आणि मग हा खेळ ताटातून उचलून खऱ्या घरात आणा: जेवायला बसताना लहान गडूत अर्धा पेला पाणी भरून द्या आणि मुलाला स्वतःचं पाणी स्वतः ओतून घेऊ द्या. शेजारी त्याचं स्वतःचं फडकं ठेवा. सांडलं तर पुसायचं, त्यात शिक्षा नाही.

धुतलेल्या कपड्यांच्या ढिगात जुळवणीचा खेळ तयार असतो. तीन जोड मोजे घ्या, बाबांचे, ताईचे आणि मुलाचे. प्रत्येक जोडातला एक मोजा सतरंजीवर ओळीने ठेवा, उरलेले एकेक करून मुलाच्या हातात द्या. आधी आकारात ठळक फरक असलेले, मग रंगात, मग एकाच रंगाच्या पण वेगळ्या नक्षीच्या. याच पद्धतीने डबे आणि त्यांची झाकणं. मुलाने चुकीचं झाकण लावलं तर सांगू नका, ते बसणार नाही आणि त्याला आपोआप कळेल. ज्या खेळात चूक वस्तूच दाखवते तो खेळ मला सगळ्यात चांगला वाटतो.

स्वयंपाकाच्या वेळी मूल पायात घुटमळतं, तेव्हा त्याला खरं काम द्या. पालक-चुका यांची पानं देठापासून मोडणं, फ्लॉवरचे तुरे हाताने वेगळे करणं, बटाटे टोपलीतून परातीत आणून देणं, कोथिंबिरीच्या काड्या पाण्यात बुचकळणं. दोन वर्षांच्या मुलाला सोललेलं केळं आणि लोणी लावायची बोथट सुरी द्या, ते चकत्या कापेल आणि कापलेलं खाईल. मटार सोलायला देऊ नका, दाणा गोल आणि गुळगुळीत असतो. अळूची पानं चिरताना मात्र मुलाला लांब ठेवा, हाताला खाज सुटते.

ज्या मुलाची रग जिरत नाही त्याला वजन द्या. अर्धा किलो कांद्याची पिशवी स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत न्यायची आणि आणायची. भरलेली उशी ढकलत न्यायची. दोन खुर्च्यांवर चादर टाकून केलेल्या बोगद्यातून रांगायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींप्रमाणे एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. एक वर्षाच्या मुलाला मोबाइल-टीव्हीसमोर बसवूच नये आणि दोन वर्षांपुढे जास्तीत जास्त एक तास, असंही त्याच शिफारशी सांगतात. ज्या आईला एकटीने स्वयंपाक उरकायचा असतो तिला हे ऐकून अपराधी वाटतं, मला माहीत आहे. म्हणून ओट्याखालचा सगळ्यात खालचा कप्पा मुलाच्या नावावर करा. त्यात डबा, झाकणं, ओगराळं, लाकडी पळी, प्लास्टिकची चाळणी. काच, सुऱ्या, फिनेल, काडेपेट्या वरच्या कप्प्यात, कडी लावून. त्या एका कप्प्याने माझी अर्धी पोळ्यांची चळत होते.

अडीच ते तीन: ठसे, वास, चिमटे

भेंडीचे देठाकडचे दोन इंच कापा, एका बशीत बिटाचा घट्ट रस किंवा हळदीचं पाणी, आणि खाली जुनं वर्तमानपत्र. भेंडी बुडवायची आणि दाबायची, फुलासारखा ठसा उठतो. आधी झगा किंवा बाबांचा जुना शर्ट उलटा घाला, हळदीचा डाग निघत नाही. कागद नसेल तर मोठा ब्रश आणि पाणी द्या, गॅलरीच्या लादीवर चित्र निघतं आणि उन्हाने वाळून जातं. मग तीच लादी पुन्हा कोरी.

मिसळणाच्या डब्यातून वासाचा खेळ होतो. मलमलच्या जुन्या ओढणीचे चौकोन कापून त्यांत लवंग, दालचिनी, वेलची, जिरं यांच्या पुरचुंड्या घट्ट शिवा. नुसत्या दोऱ्याने बांधल्या तर सुटतात. प्रत्येक वासाच्या दोन करा आणि मुलाला जोड शोधू द्या. तिखट आणि मिरी यात नकोत.

कपड्यांचे चिमटे ताटलीच्या किंवा पुठ्ठ्याच्या काठाला लावायचा खेळ तीनच्या जवळ आल्यावर जमतो. स्प्रिंग सैल झालेले जुने चिमटे आधी द्या, नवे फार कडक असतात. मोडका चिमटा लगेच बाजूला काढा, त्यातली स्प्रिंग सुटते.

कधी दाखवून घ्यावं

असं रोज शेजारी बसलं की मुलात काय येतंय आणि काय येत नाही, हे आपल्याला इतरांच्या आधी दिसतं. दीड वर्ष झालं तरी चालत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, किंवा आधी येत असलेलं एखादं कौशल्य गेलं, तर "मुलगे उशिरा बोलतात" म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ऐकू येतं का ते तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येऊन मुलांची मोफत तपासणी करतात आणि गरज असेल तर पुढे पाठवतात. लवकर कळलं तर मदतही लवकर सुरू होते.

बोलायचं कधी आणि काय

दाखवताना गप्प राहा असं मी वर म्हटलं. मूल खेळू लागलं की मात्र बोला, थोडं आणि नेमकं. "हे काय आहे? हा कुठला रंग?" अशी परीक्षा नको. ते जे करतंय त्याला शब्द द्या: ओतलं, भरलं, सांडलं, पिळलं, खरखरीत, गुळगुळीत, चिकट. मग थांबा, मुलाला उत्तर द्यायला वेळ लागतो.

आपल्या भाषेत तीन लिंगं आहेत आणि ती नियम सांगून शिकवता येत नाहीत. मोठा डबा, मोठी वाटी, मोठं झाकण. लहान डबा, लहान वाटी, लहान झाकण. दिवसातून वीस वेळा हे कानावर पडलं की मूल आपोआप बरोबर बोलू लागतं. जी मराठी घरं परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात आहेत, जिथे मुलाला दिवसभर दुसरी भाषा ऐकू येते, त्यांनी तर रोजची ही पंधरा मिनिटं चुकवू नयेत. वाटी हातात असताना ऐकलेला "वाटी" हा शब्द टिकतो.

गेल्या मंगळवारी जेवताना धाकट्याने गडूतून पाणी ओतलं आणि पेला भरून वाहिला. मी फडक्याकडे हात नेणार तोच तो म्हणाला, "सांडलं." मग स्वतःच फडकं घेतलं, पाणी जास्तच पसरवलं आणि ओलं फडकं माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "आई, पुस."